रेव्हरंड टिळक आणि बालकवी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तेष्ट तर दुरावलेच, पण पत्नी लक्ष्मीबाई यांचाही काही वर्षे वियोग घडला. ज्यांस आपल्या माणसांचे तुटणे इतके भोगावे लागले, त्यांच्याच घरी पुढे परक्याचा मुलगा पुत्रवत राहिला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

हा मुलगा म्हणजे खानदेशातील धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यांस बालकवी ही पदवी दिली. टिळक २९ वर्षांनी वडील, ख्रिस्ती उपदेशक. ठोमरे ब्राह्मणाचे पोर, हळवे व लहरी. परंतु दोघांसही फुलांचे वेड, आणि तेवढा धागा पुरला. टिळकांनी त्यांस नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त मोठ्या मायेने लिहिले आहेत. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. ठोमरे त्या घरी राहूनही हिंदूच राहिले, व टिळकांचा लोभ त्यामुळे तिळभरही उणा झाला नाही.

वागळे इस्टेटीतील आमच्या मुलांस ठाण्याचे स्टेशन परिचित आहे. तोच लोहमार्ग कल्याणावरून पुढे जळगावापलीकडे भादलीस जातो. तेथे ५ मे १९१८ रोजी रूळ ओलांडीत असता गाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय अवघे २७. टिळक त्यांच्यामागे जेमतेम वर्षभर जगले. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले.