हेलन केलर : बोटांतून उमललेली वाणी

1880 साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. बधिरांना मुखानेच बोलायला शिकवावे, हातांची भाषा वर्गाबाहेर ठेवावी, असे तिने ठरविले. मत देणाऱ्यांत बधिर असा एखादाच होता. त्याच वर्षी 27 जूनला अमेरिकेतील अलाबामा राज्यात हेलन केलरचा जन्म झाला.

एकोणीस महिन्यांची असताना आजाराने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती हिरावून घेतली. 1887 च्या मार्चमध्ये ॲन सलिव्हन ही शिक्षिका घरी आली. पुढच्याच महिन्यात, एका हातावर पंपाचे पाणी पडत असताना दुसऱ्या तळहातावर तिने बोटांनी 'पाणी' या शब्दाची अक्षरे काढली. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे त्या क्षणी मुलीला उमगले.

1890 पासून हेलन मुखाने बोलायलाही शिकली; परंतु तिचे उच्चार परक्यांना नीट कळत नसत. व्याख्यानांत सोबतिणीला ते पुन्हा सांगावे लागत. तरीही 1904 मध्ये त्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. अंधांसाठी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी, कामगारांसाठी त्या झटल्या. 1955 मध्ये त्या भारतातही येऊन गेल्या. 1 जून 1968 रोजी त्यांचे निधन झाले. मिलानचे ते ठराव मात्र 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत नाकारले गेले. तोवर 130 वर्षे उलटली होती.

आपल्या अवसरीत किंवा मंचरच्या बाजारात कुणी हातवारे करू लागला, की आपण त्याला 'मुका' म्हणून मोकळे होतो. त्याचे नावही विचारीत नाही. हेलनच्या तळहातावर अक्षरे काढायला कुणीतरी बसले, म्हणून ती जगाला कळली. तेवढी तसदी आपण घेणार का?