जिना नसलेला मनोरा

परमपूज्य बाबासाहेबांची विद्वत्ता आम्ही नेहमी त्यांच्या पदव्यांवरून मोजतो. पण अवघड गोष्ट सोपी करून सांगायची त्यांची हातोटी आम्हाला तितकीच मोठी वाटते.

१८९१ साली महू येथे त्यांचा जन्म झाला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर इंग्रजीत निबंध वाचला. तो पंडितांसाठी होता. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा समोर आपले आजे-पणजे होते. त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी हिंदू समाजाचा मनोराच उभा केला. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जिनाच नाही! माणूस कितीही गुणी निघो, वर जायला वाटच नाही. म्हणजे दोष आपल्यात नाही, बांधणीत आहे, हे शाळा न पाहिलेल्यालाही उमगलं असतं.

त्याच वर्षी २१ आणि २२ मार्चला आपल्या माणगावात परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. स्वतः महाराजांनी तिथं येऊन लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज आपली मुलं खूप शिकली. त्यांनी शिकलेलं घरातल्या आजीलाही कळेल असं सांगावं, एवढंच आमचं मागणं. जय भीम!