विणकराच्या पोरानं काढला अणूचा भार. वाचा जॉन डाल्टन यांची गोष्ट

अकरावी सायन्सच्या केमिस्ट्रीत पहिल्याच धड्यात शब्दांची रांग लागते. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, अणू, रेणू, अणुभार. बरीच पोरं तिथंच दचकतात. पण यातल्या अणूला ज्यांनी हिशोबात बसवलं, ते जॉन डाल्टन स्वतः कधी मोठ्या विद्यापीठात शिकले नव्हते.

बाराव्या वर्षी मास्तर

इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलँड भागात ईगल्सफील्ड नावाचं खेडं आहे. तिथं ६ सप्टेंबर १७६६ ला जॉनचा जन्म झाला. वडील हातमागावर कापड विणायचे. घरची परिस्थिती बेताची. पोरगं मात्र गणितात हुशार. अवघ्या बाराव्या वर्षी जॉन गावातच शाळा चालवू लागला. समोर बसणारी काही पोरं त्याच्याहून थोराड होती! मधे काही काळ त्यानं शेतावरही काम केलं. पंधराव्या वर्षी केंडल गावच्या शाळेत तो भावासोबत शिकवायला गेला.

पुढं शिकायची इच्छा होती, पण घरचे क्वेकर पंथाचे. त्या काळी चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. मोठं दार बंद होतं. मग केंडलमध्येच जॉन गॉफ नावाचे विद्वान त्याला गुरू म्हणून भेटले. लहानपणी देवी आल्यानं त्यांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी जॉनला गणित आणि भाषा शिकवल्या आणि एक सवय लावली. रोजचं हवामान वहीत लिहून ठेवायचं.

पावसाच्या वहीतून अणूकडे

१७८७ मध्ये सुरू झालेली ही वही डाल्टन यांनी ५७ वर्षं चालवली. पाऊस, तापमान, हवेचा दाब अशा दोन लाखांहून जास्त नोंदी त्यांनी केल्या. १७९३ मध्ये ते मँचेस्टरला एका कॉलेजात शिकवायला गेले. काही वर्षांनी ती नोकरी सोडली आणि खासगी शिकवण्या घेऊन पोट भरलं. उरलेला वेळ प्रयोगांना.

हवामान मोजता मोजता त्यांना एक प्रश्न पडला. ऑक्सिजन वायू नायट्रोजनपेक्षा जड आहे. मग तो खाली का बसत नाही? हवा सगळीकडे सारखीच मिसळलेली कशी? याचा विचार करताना ते वायूंच्या बारीक कणांपर्यंत पोचले. हे कण किती जड, किती हलके, हे काढायचं त्यांनी ठरवलं.

अणूची कल्पना जुनीच होती. पण अणू कुणी तोलला नव्हता. तोलणार कसा? तो दिसतच नाही.

डाल्टन यांची युक्ती समजायला आपण धान्याचं उदाहरण घेऊ. एका पोत्यात ज्वारी आणि हरभरा एकत्र आहे. ज्वारीच्या एका दाण्यामागे हरभऱ्याचा एकच दाणा, हे पक्कं माहीत आहे. आता दोन्ही वेगळे करून दोन ढीग तोला. हरभऱ्याचा ढीग जितके पट जड, तितके पट हरभऱ्याचा एक दाणा जड. एकही दाणा न तोलता उत्तर मिळालं!

डाल्टन यांनी हेच केलं. सगळ्यात हलक्या हायड्रोजनचा भार १ धरला आणि बाकीच्यांचे भार त्याच्या तुलनेत काढले. हाच अणुभार. ६ सप्टेंबर १८०३ ची, म्हणजे त्यांच्या ३७ व्या वाढदिवसाची, अशी यादी त्यांच्या वहीत होती. १८०८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात मांडणी सरळ होती. एकाच जातीच्या अणूंचं ते मूलद्रव्य. वेगवेगळ्या जातींचे अणू ठरलेल्या संख्येनं जोडले गेले की संयुग. नुसते एकमेकांत मिसळले, जोडले नाहीत, तर मिश्रण. हवा हे मिश्रण, पाणी हे संयुग.

पुरावा त्यांनी डबक्यात शोधला. डबक्याचा गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे ते बाटलीत धरायचे. हा मिथेन, आपल्या गोबर गॅसमधला मुख्य वायू. कार्बन आणि हायड्रोजनचाच दुसरा एक वायू आहे, इथिलीन. दोन्हीत कार्बन सारखा घेतला, तर मिथेनमध्ये हायड्रोजन बरोबर दुप्पट भरतो. सव्वापट नाही, दीडपट नाही. कारण अणू अर्धा-पाव जोडला जात नाही, अख्खाच जोडला जातो.

जिथं ते चुकले

पण एका ठिकाणी गोची झाली. पाण्यात हायड्रोजनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचा एकच अणू असतो, असं डाल्टन यांनी गृहीत धरलं. खरं तर हायड्रोजनचे दोन असतात. पोत्यात एका हरभऱ्यामागे ज्वारीचे दोन दाणे असतील, तर आपला हिशोब निम्म्यावर येईल ना? तसंच झालं. त्यांनी ऑक्सिजनचा भार ७ लिहिला. मोजमाप अचूक असतं तरी ८ आला असता. खरा आकडा १६ आहे.

फ्रान्सच्या गे-ल्युसॅक यांनी दाखवलं की दोन मापं हायड्रोजनला एक माप ऑक्सिजन लागतो. डाल्टन यांना ते पटलं नाही. १८११ मध्ये इटलीच्या अव्होगाड्रो यांनी रेणूची कल्पना मांडून हा गुंता सोडवला, पण त्यांचंही फारसं कुणी ऐकलं नाही. सगळा हिशोब जुळायला १८६० उजाडलं. तोवर डाल्टन हयात नव्हते.

डोळेही विज्ञानाला

डाल्टन यांना लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नसे. हे लपवण्याऐवजी त्यांनी १७९४ मध्ये त्यावर निबंधच वाचला. दोष डोळ्यातल्या द्रवात असावा, असं त्यांना वाटे. म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असं त्यांनी सांगून ठेवलं. तपासले तर द्रव स्वच्छ निघाला. डोळे जपून ठेवले होते. १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून खरं कारण सापडलं, दोष जन्मजात होता.

डाल्टन यांनी लग्न केलं नाही, राहणी साधी ठेवली. २६ जुलै १८४४ च्या रात्री थरथरत्या हातानं त्यांनी त्या दिवसाच्या हवामानाची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मँचेस्टरमध्ये सुमारे ४० हजार लोकांनी त्यांचं अंत्यदर्शन घेतलं.

त्यांचे बरेच आकडे पुढं बदलले गेले. पद्धत मात्र टिकली. वजनावरून अणूचा हिशोब मांडता येतो, हे त्यांनी दाखवलं. तुमच्या घरात कुणी अकरावीला असेल आणि अणुभारापाशी अडलं असेल, तर ज्वारी-हरभऱ्याचं पोतं त्याला जरूर सांगा.