घड्याळकार जॉन हॅरिसन

दोन हौशी माणसे एकत्र आली आणि दोघांच्याही मनगटांवर नवी घड्याळे असली, म्हणजे तुलना सुरू व्हावयास वेळ लागत नाही. कोणाची तबकडी मोठी, कोणाच्या घड्याळात माणके किती, कोणी किती रुपये मोजले, याची चर्चा तासन् तास रंगते. घड्याळाचा आकार, दर्जा आणि मोल यांची अशीच तुलना अठराव्या शतकातील एका इंग्रज सुताराने जन्मभर केली. मात्र त्याने तोलली ती स्वतःच्याच हातची घड्याळे. आणि त्या तुलनेवर हजारो खलाशांचे प्राण अवलंबून होते. त्या सुताराचे नाव जॉन हॅरिसन.

हॅरिसनचा जन्म 1693 साली यॉर्कशर परगण्यातील फाउल्बी या खेड्यात झाला. बाप सुतार होता. पुढे हे कुटुंब लिंकनशरमधील बॅरो या गावी येऊन राहिले, आणि तेथेच जॉन वडिलांच्या हाताखाली रंधा व पटाशी चालवावयास शिकला. घड्याळाचा धंदा त्याला कोणी शिकविला नाही. तरीही विसाव्या वर्षी, 1713 साली, त्याने एक लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. त्याची चाकेसुद्धा लाकडाची होती! पुढे ब्रॉकल्सबी येथील जमीनदाराच्या वाड्यासाठी त्याने मोठे घड्याळ बांधले. त्या काळी घड्याळातील तेल घट्ट होऊन यंत्र मंदावत असे. हॅरिसनने घासल्या जाणाऱ्या ठिकाणी अंगचेच तेलकट असलेले एक कठीण लाकूड वापरले आणि तेल घालण्याची गरजच नाहीशी केली.

उन्हाळ्यात लंबकाची धातूची दांडी वाढते व घड्याळ मागे पडते; हिवाळ्यात याच्या उलट घडते. पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या शेजारी शेजारी जोडून, एकीची वाढ दुसरीने फेडावी, अशी युक्ती त्याने काढली. या कामात त्याचा धाकटा भाऊ जेम्स त्याला साहाय्य करीत असे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एका प्रश्नाने दर्यावर्दी लोकांना ग्रासले होते. भर समुद्रात जहाजाचे अक्षांश सूर्य किंवा ध्रुवतारा पाहून समजत. रेखांश मात्र समजत नसत. 1707 साली सिली बेटांजवळ, स्थान न कळल्यामुळे, अॅडमिरल शॉव्हेल याच्या आरमारातील चार जहाजे खडकांवर आपटून बुडाली आणि हजाराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तेव्हा 1714 साली पार्लमेंटने कायदा करून, अर्ध्या अंशापर्यंत रेखांश अचूक सांगणारी रीत शोधणारास वीस हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले.

याचा घड्याळाशी काय संबंध, असे बालवाचक विचारतील. पृथ्वी एका तासात 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशास 4 मिनिटे लागतात. आपल्या भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे. 82.5 ला 15 ने भागून पाहा. बरोबर साडेपाच येतात, म्हणून ग्रीनिचपेक्षा आपली वेळ साडेपाच तास पुढे! तेव्हा निघालेल्या बंदराची वेळ दाखविणारे घड्याळ जवळ असेल आणि सूर्यावरून जहाजावरील वेळ कळत असेल, तर दोहोंच्या अंतरावरून रेखांश निघतो. परंतु अर्धा अंश म्हणजे अवघी दोन मिनिटे. दीड महिन्याच्या प्रवासात घड्याळ दिवसाला तीन सेकंदही चुकता कामा नये. आणि हेलकावणाऱ्या जहाजावर लंबक तर चालतच नाही. समुद्रावर असे घड्याळ होणे अशक्य, असेच मोठमोठ्या विद्वानांचे मत होते.

1730 च्या सुमारास हॅरिसन आपले आराखडे घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी हॅली याने त्याला जॉर्ज ग्रॅहॅम या नामांकित घड्याळकाराकडे धाडले. ग्रॅहॅमने मत्सर न करता या खेडवळ सुताराला बिनव्याजी पैसे दिले. 1735 साली पहिले सागरी घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे 34 किलो. लंबकाऐवजी त्यात एकमेकांना जोडलेले दोन दांडे झुलत. 1736 साली ते जहाजावर चढवून हॅरिसन लिस्बनला जाऊन आला. परतताना किनारा दिसला, तेव्हा कप्तानाने ओळखलेले टोक चुकीचे असून जहाज त्याच्या हिशेबाहून सुमारे साठ मैल दूर आहे, असे हॅरिसनने सांगितले. त्याचेच म्हणणे खरे ठरले.

त्याच वेळी वेस्ट इंडीजच्या सफरीवर घड्याळाची अंतिम कसोटी मागण्याचा अधिकार त्याला होता. पण रेखांश मंडळापुढे उभे राहून त्याने आपल्याच घड्याळातील दोष दाखविले आणि दुसरे करण्यासाठी साहाय्य मागितले! दुसरे घड्याळ पहिल्याहून जड झाले. त्यातही त्याला दोष सापडला, म्हणून त्याने ते परीक्षेला दिलेच नाही. तिसऱ्यावर त्याने सुमारे 19 वर्षे वेचली. त्यात सातशेंहून अधिक भाग होते. पितळ व पोलाद यांची जोडपट्टी त्याने याच घड्याळासाठी शोधून काढली. इतके करूनही त्याचे समाधान झाले नाही.

मधल्या काळात, 1753 साली, त्याच्या कल्पनेप्रमाणे जॉन जेफरीज या कारागिराने त्याच्यासाठी एक खिशातील घड्याळ बनविले होते. ते अनपेक्षितपणे उत्तम चालले. आजवर आकार मोठा तितका अचूकपणा अधिक, असे हॅरिसन मानीत आला होता. आता त्याला उमगले की, लहान पण वेगाने झुलणारे चक्र जहाजाच्या हेलकाव्यांना दाद देत नाही. वयाची साठी उलटलेल्या या माणसाने दोन तपांच्या श्रमांचा मोह सोडला आणि नव्याने आरंभ केला. 1759 साली चौथे घड्याळ पुरे झाले. त्याचा व्यास अवघा 13 सेंटिमीटर आणि वजन दीड किलोहूनही कमी. आत माणके आणि हिऱ्याचे बारीक तुकडे बसविले होते.

1761 साली हॅरिसनचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमेकाला निघाला. मदेरा बेट केव्हा दिसेल, हे त्याने घड्याळावरून अचूक सांगितले, तेव्हा कप्तान चकित झाला. जमेकाला पोहोचल्यावर, नेहमीची ठरावीक मंदगती वजा जाता, चूक भरली सुमारे पाच सेकंदांची! तरी मंडळाने तो योगायोग मानला. 1764 साली बार्बेडोसपर्यंत पुन्हा परीक्षा झाली. 47 दिवसांत 39 सेकंदांचा फरक पडला. म्हणजे कायद्याने मागितलेल्याच्या तिप्पट अचूकपणा.

तरीही पुरे बक्षीस मिळाले नाही. घड्याळ उघडून त्याचे रहस्य सांगा, सर्व घड्याळे आमच्या स्वाधीन करा, आणखी नवी करून दाखवा, अशा अटी निघाल्या. चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कर्ता मॅस्केलिन हा आता राजज्योतिषी झाला होता. 1766 साली तो घड्याळे नेण्यास आला, तेव्हा हलविताना पहिले घड्याळ खाली पडले. त्या वृद्ध कारागिराच्या मनाची काय अवस्था झाली असेल! मात्र मंडळाची एक शंका अगदीच निराधार नव्हती. एकाच माणसाला करता येणारे घड्याळ सगळ्या जहाजांना कसे पुरणार? म्हणून लार्कम केंडॉल याच्याकडून चौथ्याची प्रतिकृती करविण्यात आली. तिला 500 पौंड पडले. त्याच केंडॉलने पुढे शंभर पौंडांत एक सोपे घड्याळ केले, पण त्यात अचूकपणा उणावला. घड्याळे स्वस्त आणि अचूकही करण्याचे कार्य पुढे आर्नल्ड व अर्नशॉ यांनी सिद्धीस नेले.

हॅरिसनने मात्र पाचवे घड्याळ केले. 1772 साली राजा तिसरा जॉर्ज याने आपल्या वेधशाळेत ते स्वतः पारखले आणि या वृद्धाची बाजू घेतली. 1773 साली पार्लमेंटने त्याला 8,750 पौंड दिले. तेव्हा त्याचे वय 80 होते. केंडॉलची प्रतिकृती घेऊन कॅप्टन कुक 1772 ते 1775 अशी तीन वर्षे दक्षिण समुद्रांत हिंडला. बरोबर नेलेली आर्नल्डची घड्याळे त्या सफरीत टिकली नाहीत; हॅरिसनच्या रचनेचे घड्याळ मात्र खरे उतरले. हे यश पाहून 24 मार्च 1776 रोजी हॅरिसनने देह ठेवला.

त्याची पहिली चार घड्याळे ग्रीनिचच्या वेधशाळेत जतन केलेली आहेत. तीन अवजड यंत्रांच्या मानाने चौथे अगदी चिमुकले दिसते; पण सागरी घड्याळांची पुढची वाट त्यानेच दाखविली. विद्यार्थी मित्रांनो, मनगटावरील घड्याळांची तुलना तुम्ही अवश्य करा, त्यात आनंद आहे. मात्र तबकडी आणि किंमत पाहून झाल्यावर ते वेळ किती खरी दाखविते, हेही पाहा. आपल्या हातच्या कामालाही हीच कसोटी लावावी आणि त्यातील दोष दुसऱ्याने दाखविण्यापूर्वी आपणच शोधावा, हा धडा या सुताराच्या चरित्रातून घेण्याजोगा आहे.