धारवाडचं नाव खडकाला देणारे फूटसाहेब

अळणावर : लोंढ्याहून धारवाडकडे जाणारी गाडी अळणावरला थांबते. खिडकीतून सागाची झाडं दिसतात, लाल माती दिसते, आणि आपण चहा घेऊन पुढं निघतो. या मातीखाली जो खडक आहे त्याला जगभरचे भूवैज्ञानिक 'धारवाड' म्हणून ओळखतात. हे नाव देणाऱ्या माणसाचा पुतळा धारवाडात नाही. आपल्या भागात त्यांचं नाव माहीत असणारेही फार थोडे. ते होते रॉबर्ट ब्रूस फूट.

आज त्यांची आठवण काढायला कारण आहे. मोबाईल आणि विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीमुळं तांबं आणि कोबाल्टला मागणी वाढली. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, त्यात ही दोन्ही आहेत. शोध परवाना, खाणपट्टा, लिलाव हे शब्द पुन्हा कानावर येऊ लागलेत. जमिनीखाली काय आहे हे शोधणं वेगळं आणि जमिनीखाली काय असेल यावर पैसे गोळा करणं वेगळं. हा फरक फूट यांच्या आयुष्यातून चांगला कळतो.

चेल्टनहॅम ते मद्रास

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावी झाला. १८५८ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लागले आणि त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. हे खातं तेव्हा नवं होतं, १८५१ मध्ये स्थापन झालेलं. हिंडायचं, दगड फोडायचा, नमुना पिशवीत घालायचा, नकाशावर रंग भरायचा, असं ते काम. थंडी-उन्हाळ्यात तंबूत राहायचं आणि पावसाळ्यात कचेरीत बसून अहवाल लिहायचा. अशी त्यांनी ३३ वर्षं काढली.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं ते दुसऱ्याच कारणानं. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम इथं जांभ्याच्या मुरुमात त्यांना एक घडवलेला दगड सापडला. ती अश्मयुगीन माणसाची हातकुऱ्हाड होती. भारतात इतका जुना माणूस राहत होता याचा पुरावा तोवर कुणी ओळखलेला नव्हता. त्याच वर्षी त्यांना आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरमपाक्कम इथं अशी आणखी हत्यारं मिळाली. म्हणून त्यांना भारतीय प्रागितिहासाचे जनक म्हणतात. खरं तर हे त्यांचं नोकरीतलं काम नव्हतं. पण खडक बघताना पायाखालचा प्रत्येक दगड बघायची सवय होती, तिनंच हे दिलं.

दक्षिण मराठा मुलुख

१८७० च्या आगेमागे फूट आपल्या भागात आले. बेळगाव, धारवाड, त्या वेळचा कलादगी जिल्हा आणि कोल्हापूर, सांगली, जमखंडी, मुधोळ या संस्थानांचा प्रदेश मिळून इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत. या सगळ्याचा भूगर्भ त्यांनी तपासला आणि १८७६ मध्ये त्याचा मोठा अहवाल छापून आला. आज तो मुलुख दोन राज्यांत वाटलेला आहे, फूट यांच्या नकाशात तो एकच आहे.

या नकाशात आपली जागा मोठी मजेशीर आहे. महाराष्ट्रातून खाली येणारा काळा पाषाण, म्हणजे लाव्हाचा थर, बेळगावच्या आसपास संपत जातो. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो संपला की खालचे जुने खडक उघडे पडतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो वालुकाश्म फूट यांनी 'कलादगी' नावाच्या गटात घातला. त्याहून जुने, पाटीसारखे पापुद्रे सुटणारे खडक अळणावर-धारवाड बाजूला आहेत. त्यांचं वय २५० कोटी वर्षांच्या पुढं जातं.

याच फिरतीत गोकाकजवळ चिकदौली इथं त्यांना गेंड्याची हाडं सापडली. ती नामशेष झालेल्या एका जातीची होती. दख्खनवरून त्यांनी तिचं नाव ठेवलं आणि १८७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. आपल्या घटप्रभेकाठी एके काळी गेंडे चरत होते, हे आपल्याला या माणसामुळं कळलं.

कप्पतगुड्डचं सोनं

आता मुद्द्याचं. गदगच्या दक्षिणेला डंबळजवळ कप्पतगुड्डची डोंगररांग आहे. तिथल्या ओढ्यांत पावसाळ्यानंतर वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक होते. त्यांना जलगार म्हणत. सराफाच्या दुकानातली राख-माती धुणारे झारेकरी आपल्याला माहीत आहेत, तशीच ही कला, फक्त ओढ्यात. फूट यांनी या लोकांना अडाणी म्हणून बाजूला सारलं नाही. त्यांना बरोबर घेतलं, आपल्या डोळ्यांदेखत वाळू धुऊन घेतली, निघालेलं सोनं मोजलं.

शोधाची त्यांची रीत अशी. कुठल्या ओढ्यात सोनं मिळतं आणि कुठल्या ओढ्यात मिळत नाही, हे आधी बघायचं. मग तो ओढा कुठल्या खडकावरून वाहत येतो ते वर चढत जाऊन पाहायचं. डोंगरातल्या खडकांचे त्यांनी वेगवेगळे पट्टे पाडले. सोनं मिळणारे ओढे सोरटूर बाजूच्या पट्ट्यातून येत होते, बाकीच्या पट्ट्यांतले रिकामे होते. म्हणजे सोन्याचं घर त्या पट्ट्यात. आज यंत्रं आली, ओढ्यातल्या गाळाची रासायनिक तपासणी होते, पण तांबं शोधा नाही तर कोबाल्ट, पहिली पायरी अजून हीच आहे. गाळ सांगतो, मग वर चढायचं.

पट्टा सापडला म्हणून फूट यांनी खजिना सापडल्याचं जाहीर केलं नाही. १८७४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. धुलाईतून निघणारं सोनं मजुरीलाही मुश्किलीनं पुरणारं होतं, आणि तेच त्यांनी लिहिलं. जेवढं हाताला लागलं तेवढंच कागदावर.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं. त्याच काळात, १८८० च्या सुमारास, वायनाडमध्ये सोन्याची लाट आली होती. एक आशादायक अहवाल आला आणि लंडनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या. शेअर खपले, यंत्रं आली, आणि थोड्याच वर्षांत बहुतेकांचं दिवाळं वाजलं. गदगकडंही पुढं तेच झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात होसूर, कबुलायतकट्टी भागात कंपन्यांनी खोल खाणी काढल्या. त्याही फार काळ टिकल्या नाहीत.

नाव दिलं, वाट दाखवली

असे पट्टे दक्षिणेत ठिकठिकाणी आहेत आणि ते एकाच कुळातले आहेत, हे फूट यांच्या ध्यानात येत गेलं. १८८६ मध्ये त्यांनी या कुळाला 'धारवाड' नाव दिलं. १८८८ मध्ये त्यांनी मांडलं की दक्षिण भारतात सोनं शोधायचं तर ते याच खडकांत. कोलारचा पट्टाही त्यांनी यातच घेतला. कोलारच्या खाणींनी पुढं सुमारे ८०० टन सोनं दिलं आणि २००१ मध्ये त्या बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण आजही चालू आहे. चित्रदुर्गजवळ इंगळदाळला तांब्याची खाण निघाली, तीही धारवाड खडकातच.

एकाच माणसाचा गदगबद्दलचा शब्द सावध आणि धारवाड खडकाबद्दलचा शब्द ठाम. दोन्ही बरोबर निघाले, कारण दोन्ही पायी फिरून काढलेले होते.

१८९१ मध्ये ते निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात त्यांनी भूगर्भाची पाहणी केली. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानानं भूगर्भ खातं काढलं, त्याचे ते पहिले प्रमुख झाले. आयुष्यभर जमवलेला प्राचीन हत्यारांचा आणि भांड्यांचा संग्रह त्यांनी मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला दिला, १९०४ मध्ये संग्रहालयानं तो विकत घेतला. उतारवयात ते तमिळ मुलखात येरकाडच्या डोंगरावर राहिले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या संग्रहाची सविस्तर यादी त्यांच्यामागं छापून आली.

कप्पतगुड्डला २०१९ मध्ये वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथं खाण हवी की जंगल, यावर गदगच्या लोकांनी मोठी लढाई दिली होती. असे प्रश्न आपल्या सीमाभागातही कधी ना कधी येतील. कुणी जमीन मागायला येईल, कुणी शेअर विकायला येईल. त्या वेळी एवढंच विचारायचं : बोअर किती मारले, किती खोल मारले, नमुना कुठल्या प्रयोगशाळेत तपासला, आणि निघालेला आकडा खर्चाला पुरतो का? परवान्याचा कागद म्हणजे खनिज नव्हे. फूटसाहेबांनी १८७४ मध्ये डंबळच्या ओढ्यात उभं राहून आधी सोनं मोजलं, मगच लिहिलं.