ताराबाई शिंदे : पेपरात बायकांना नावं ठेवली, बुलढाण्याच्या लेकीने पुस्तक लिहून जाब विचारला

बुलढाणा : आपला जिल्हा म्हटलं की आधी आठवतात सिंदखेडराजाच्या जिजाऊ. पण याच जिल्ह्यातल्या आणखी एका लेकीचं नाव अजून बऱ्याच गावांत माहीत नाही. त्या म्हणजे ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. सगळा दोष बाईचाच कसा, हा प्रश्न त्यांनी तेव्हा छापून विचारला. त्या काळात बाईने लिहिणं सोडा, वाचणंही लोकांना खपत नव्हतं.

शाळा नव्हती, वडीलच मास्तर

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यात, मराठा घरात झाला. तेव्हा वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार नुकताच सुरू होत होता. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी महसूल कचेरीत हेडक्लार्क होते. महात्मा जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी ते जोडलेले होते. स्वतः लिहिणारे होते, १८७१ मध्ये त्यांचं एक पुस्तकही छापून आलं होतं.

चार भाऊ आणि ताराबाई ही एकच मुलगी. मुलींसाठी जवळपास शाळा नव्हती. मग बापूजींनी घरीच शिकवायला घेतलं आणि मराठी, संस्कृत, इंग्रजी तिन्ही भाषा शिकवल्या. पोरीला शिकवून काय करायचं, चूल तर फुंकायची आहे, असं म्हणण्याचा तो काळ. बापूजींनी ते मनावर घेतलं नाही.

रिवाजाप्रमाणे लग्न मात्र लहानपणीच झालं. फरक एवढाच की ताराबाई सासरी गेल्या नाहीत, नवरा घरजावई म्हणून शिंद्यांच्या घरी आला. त्यामुळे इतर बायकांपेक्षा त्यांना थोडी मोकळीक मिळाली. मूलबाळ झालं नाही. तरी त्या काही चारचौघांत हिंडणाऱ्या, भाषणं करणाऱ्या बाई नव्हत्या. मराठा घराण्यातल्या रीतीप्रमाणे उंबऱ्याच्या आतलंच त्यांचं आयुष्य होतं. पण घरात पुस्तकं होती आणि वर्तमानपत्रं येत होती.

सुरतचा खटला आणि पुण्याचा पेपर

१८८१ साली सुरतेत एक खटला गाजला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले होते. लोक काय म्हणतील, वाळीत टाकतील या भीतीने तिने जन्मलेल्या बाळाला मारलं, असा आरोप होता. कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने परवानगी मिळाली होती. पण कायदा कागदावर राहिला, समाज काही हलला नाही. दहा-बारा वर्षांची पोर विधवा झाली तरी जन्मभर तशीच राहायची. घरातल्या किंवा ओळखीतल्याच पुरुषाने फसवलं, तरी नाव तिचंच जायचं. अशा बायकांचे आणि त्यांच्या बाळांचे जीव वाचावेत म्हणून जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे प्रश्न एका विजयालक्ष्मीचा नव्हताच.

तरी खटल्यानंतर वर्तमानपत्रांत झोड उठली ती बायकांवर. पुण्याच्या ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राने बायका कशा बिघडल्या, त्यांची चाल कशी सैल झाली यावर लिहिलं. एका बाईच्या गुन्ह्यावरून सगळ्या बाईजातीला नावं ठेवून ते मोकळे झाले. बुलढाण्यात बसून हे वाचणाऱ्या ताराबाईंना ते सहन झालं नाही.

एकेका आरोपाचा हिशेब

त्यांनी लेखणी उचलली. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापून निघालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तकाची रीत साधी, पण झोंबणारी आहे. बायकांवर पूर्वीपासून जे आरोप होत आले ते ताराबाई एकेक करून घेतात. बाई कपटी, बाई अविचारी, बाई संशयाचं घर, बाई मोहाचं जाळं. प्रत्येक आरोपापाशी थांबून त्या विचारतात की हाच दोष पुरुषात नाही का? असला तर कोणात जास्त? फसवणारा कोण, लाच खाणारा कोण, दारू पिऊन घर बुडवणारा कोण, भोळ्या बाईला नादी लावून नंतर अंग काढून घेणारा कोण? बायकांत सगळ्या गुणाच्याच असतात, असं त्या म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की तराजू दोघांना एकच लावा.

नवरा मेला की बाईचं सगळं संपतं. तिचं तोंड पाहणंही अपशकुन. बायको मेली तर मात्र दिवस होतात न होतात तोच बाप्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू. हा कुठला न्याय, असं त्या विचारतात. विधवेला पुन्हा लग्न करू द्या, ही त्यांची उघड मागणी होती. ही बंदी ब्राह्मणांपुरती राहिली नाही, मोठेपणाच्या हौसेने मराठ्यांतल्या वरच्या घराण्यांनीही ती उचलली, हे सांगायलाही त्या कचरल्या नाहीत.

देवादिकांच्या कथाही त्यांनी सोडल्या नाहीत. नवऱ्यासाठी सावित्री यमाच्या मागे गेली. बायकोसाठी यमाच्या दारात गेलेला एक तरी नवरा दाखवा, असा त्यांचा सवाल होता. आणि धर्माचं म्हणाल, तर पुरुषांनी पागोटी टाकली, इंग्रजी बूट-पाटलोण चढवली, तेव्हा धर्म बुडाला नाही. तो बुडतो फक्त बाईने काही बदललं की!

त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांनाही त्यांनी धारेवर धरलं. लिहिणारे पुरुष, त्यामुळे गोष्टीतली बाई एकतर अप्सरा नाहीतर कुलटा. राबणारी, सोसणारी खरी बाई त्यात कुठेच नाही, ही त्यांची तक्रार होती.

टीका झाली, पाठीशी जोतिबा उभे राहिले

पुस्तकावर लोक तुटून पडले. १८८५ साली जोतिराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. लेकीसारख्या मायेने त्यांचा उल्लेख केला आणि आपल्या लोकांनी हे पुस्तक वाचावं असं सांगितलं.

पण ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापलं नाही. जे लिहिलं ते एकदाच. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तकही विस्मरणात गेलं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांना अशी बाई होऊन गेली याचा पत्ताही नव्हता. १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा ताराबाई परत लोकांसमोर आल्या. १९९४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. आज स्त्रियांच्या हक्कांचा इतिहास सांगताना जगभरचे अभ्यासक बुलढाण्याच्या या बाईंचं नाव घेतात.

१४० वर्षं झाली, पण...

‘पुणे वैभव’ कधीच बंद पडलं. आता पेपर प्रत्येकाच्या खिशात आहे. सकाळी ग्रुप उघडला की बायकोवरचा जोक येतोच. बायको भांडखोर, बायको खर्चिक, बायको डोकं खाते. मालिका लावली तर सासू कपटी आणि सून रडकी. गावात एखादी मुलगी पळून गेली तर तिचा फोटो तासाभरात तालुकाभर फिरतो. तिच्यासोबत गेलेल्या मुलाचं नाव पुष्कळदा कोणी विचारतही नाही. त्याच वेळी रानात निंदायला, कापूस वेचायला त्याच बायका वाकलेल्या असतात आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी घेतात.

ताराबाईंकडे मोबाईल नव्हता, व्यासपीठ नव्हतं, शाळेचा दाखलाही नव्हता. वडिलांनी शिकवलेली अक्षरं होती. सगळा दोष तिचाच कसा, एवढाच प्रश्न त्यांनी त्या अक्षरांनी विचारला. पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी तोच प्रश्न एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही. लेकीच्या हातात पुस्तक देणारे बापूजी तर गावोगावी हवेत.