उपचारांचा हिशेब मागणारा डॉक्टर

औषधोपचारावर होणारा खर्च आणि त्यातून रुग्णाला मिळणारा लाभ यांचा ताळेबंद मांडणे, हे आज आरोग्य अर्थशास्त्राचे एक प्रमुख कार्य मानले जाते. परंतु लाभ खरोखरच होतो की नाही, हे ठाऊक नसेल तर खर्चाचा हिशेब मांडायचा कशाच्या आधारावर? हा मूलभूत प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेली व्यक्ती अर्थशास्त्रज्ञ नव्हती, तर डॉक्टर होती. त्यांचे नाव आर्ची कॉक्रन.

स्कॉटलंडमधील गॅलाशील्स येथे १२ जानेवारी १९०९ रोजी एका सधन कापड उद्योजक घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. केंब्रिजमधील शिक्षणानंतर कॉक्रन यांनी काही काळ मनोविश्लेषणाचे उपचार घेतले. तेथील सिद्धांतांना प्रयोगाचा आधार नाही हे जाणवले, आणि तपासून पाहिल्याविना काही न स्वीकारण्याची वृत्ती त्यांच्यात कायमची रुजली. पुढे लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असताना राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चात ते स्वतःचा फलक घेऊन सामील झाले. गुणकारी असेल तो प्रत्येक उपचार मोफत मिळावा, अशी त्यावरील मागणी होती. त्यातील ‘गुणकारी’ या अटीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कॉक्रन यांच्या पुढील कार्याचे सारे सूत्र मात्र त्याच अटीत होते.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये क्रीट बेटावर ते जर्मनांच्या हाती सापडले. सॅलोनिका येथील छावणीत अर्धपोटी युद्धकैद्यांच्या पायांना सूज येऊ लागली. कॉक्रन यांनी २० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला क जीवनसत्त्व दिले, तर दुसऱ्याला चोरट्या बाजारातून मिळवलेले यीस्ट. चार दिवसांतच यीस्ट घेणाऱ्यांमध्ये सुधारणा दिसली. हा पुरावा समोर ठेवताच जर्मन अधिकाऱ्यांनी छावणीला यीस्ट पुरवले. हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या कच्चा होता, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले.

जर्मनीतील एल्स्टरहोर्स्टच्या छावणीत त्यांना वेगळाच धडा मिळाला. फुप्फुसांच्या आजाराने मरणपंथाला लागलेला एक तरुण रशियन सैनिक रात्री सतत किंचाळत होता. मॉर्फिन नव्हते, अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नव्हता आणि त्याची भाषा कोणाला येत नव्हती. अखेर कॉक्रन यांनी त्याला जवळ घेतले. किंचाळणे तत्क्षणी थांबले. काही तासांनी त्यांच्याच मिठीत त्याने शांतपणे प्राण सोडला. त्याची वेदना आजाराची नसून एकाकीपणाची होती, असे कॉक्रन यांना वाटले. जेथे औषध हरते तेथेही शुश्रूषा उरते, ही जाणीव त्यांनी पुढे जपली.

युद्धानंतर त्यांनी वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या विकारांचा अभ्यास केला. ऱ्होंडा फाक खोऱ्यातील पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक लोकांचा सहभाग मिळवण्याइतकी त्यांची चिकाटी होती.

१९६० च्या दशकात रुग्णालयांतून हृदयविकारासाठी खर्चिक अतिदक्षता विभाग सुरू होऊ लागले. ब्रिस्टलचे डॉ. गॉर्डन मॅथर यांनी तेथील उपचारांची घरच्या उपचारांशी तुलना करणारी चाचणी हाती घेतली. तिच्या प्राथमिक आकड्यांत घरी ठेवलेल्या रुग्णांतील मृत्यू किंचित कमी होते, मात्र तो फरक निर्णायक नव्हता. कॉक्रन यांनी आकडे मुद्दाम उलटे करून काही हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले. घरी उपचार करणे अनैतिक आहे, चाचणी तत्काळ थांबवा, असे तज्ज्ञांनी सुनावले. मग कॉक्रन यांनी खरे आकडे पुढे केले आणि त्याच न्यायाने अतिदक्षता विभाग बंद करणार का, असे विचारले. तज्ज्ञ निरुत्तर झाले.

याच भूमिकेतून १९७२ मध्ये त्यांचे ‘इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. उपचार गुणकारी आहे का, हे आधी चाचणीने ठरवावे. मग तो कमीत कमी साधनांत कोठे आणि कसा देता येईल ते पाहावे, हा त्याचा गाभा. क्षयरोग्याला महिनोन् महिने आरोग्यधामात ठेवण्याऐवजी घरीच औषधे देऊनही तितकाच गुण येतो, हे मद्रासमधील चाचणीने १९५९ मध्येच दाखवले होते. १९७४ मध्ये पीटर एलवुड यांच्यासह कॉक्रन यांनी हृदयविकारावर स्वस्त अ‍ॅस्पिरिनची चाचणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष निर्णायक नव्हता, मात्र आशादायक होता. पुढील चाचण्यांनी तो दृढ केला.

या हिशेबामागे कंजूषपणा नव्हता. निरुपयोगी उपचारांवर उधळला जाणारा पैसा वृद्धांच्या आणि मनोरुग्णांच्या शुश्रूषेतून कापला जातो, ही त्यांची खंत होती. १८ जून १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. जगभरातील चाचण्यांचे निष्कर्ष पारखून एकत्र मांडावेत, हा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच १९९३ मध्ये त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. उपचारांची किंमत ठरवणारे अर्थशास्त्रज्ञ आजही तिच्या अहवालांचा आधार घेतात. गुणाची खात्री नसलेल्या उपचारासाठी रांगेतल्या दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याचे का खर्चावे, हा कॉक्रन यांचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या महागड्या औषधापुढे पुन्हा उभा राहतो.